खाऱ्या काठाचं देवभात

गेल्या वर्षी, नारळीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्या विधवा आत्यावर अन्याय झाला. करणारा मी. इतरांनी केलेले अन्याय मी माझ्या वर्तमानपत्रात मोठ्या टायपात छापले. मग हा का लपवू?

रत्नागिरीहून गावी आलो तो पिशवीत नवी पत्रकं घेऊनच. सुधारलेलं एकच बी पेरा, रानभात उपटा! रानभात शेतातल्या भाताशी मिसळून बी बिघडवतं, हे खोटं नाही. आमच्या तळ्यात ते आपोआप उगवे. आम्ही चौघा मित्रांनी दुपारपर्यंत तळं साफ केलं. खाडीकडच्या काठाचा तर गाळसुद्धा खणून बांधावर चढवला.

आत्या काठावर येऊन उभी राहिली. "झालं समाधान?"

"तण होतं, आत्या."

"तण? मग ऋषिपंचमीला मी काय खाते रे मेल्या?"

त्या उपासाला नांगरून पेरलेलं चालत नाही. आदल्या वर्षी तळ्यातून टोपलीत झाडून आणलेलं हे देवभातच ती शिजवी.

"येईल परत. दाणे चिखलात असतीलच."

"विहिरीकडचं येईल. ते पांढऱ्या कुसळांचं, गोड्या पाण्याचं. खाडीकडचं बुटकं, काळ्या कुसळांचं. बांध फुटून खारं पाणी शिरलं तेव्हा पांढरं सगळं कुजलं, काळं तेवढं उभं राहिलं. आणि त्याचाच चिखल तू उपसलास. तुझ्या कागदात खारं पाणी असतं काय रे?"

नव्हतं. एका तळ्याच्या दोन काठांनी पिढ्यान्‌पिढ्या दोन वेगळ्या जाती घडवल्या होत्या. मी दोन्हींना तण म्हटलं.

घरात काळ्याचे पंचमीपुरते दाणे होते, सालासकट. "ते पेर," मी म्हटलं.

"हातानं पेरलं तर देवभात कसलं?"

पंचमीला तिने चूल पेटवलीच नाही. दाणे ओच्यात घेऊन ती खाडीकडच्या काठाने चालत गेली, आणि ओचा सुटला.

"पेरलं नाय हो," मला ऐकू जाईल असं ती म्हणाली. "सांडलं."

यंदा मी रोज तळ्यावर जातो. विहिरीकडे दाट हिरवं आलंय. खाडीकडे नुसतं पाणी. काल एक पातं दिसलं, धावत गेलो, लव्हाळा निघाला. आत्या काही विचारत नाही. पंचमी आठवड्यावर आली.

तुमच्या गावी खाऱ्या पाण्यात काळ्या कुसळांचं देवभात असेल, तर उपटू नका. पिकलं की मूठभर घेऊन आमच्याकडे या. आत्याच्या हातात देऊ नका, ती पेरायची नाही. तळ्याच्या खाडीकडच्या काठाने चाला, आणि सांडा.