मागचे म्हणतील ना!

आंजीच्या थांब्यावर मोटार उभी होती आणि बाबा माझ्या पिशवीतून खंजिरी काढून घेत होते. ती मी चोरूनच ठेवली होती. मायनं भाकरी-ठेच्याचं गाठोडं दिलं, अर्धी वस्ती निरोपाला आली, आणि बाबा खंजिरी काखेत मारून म्हणाले, "हे मंडळाची आहे, इथंच राहीन. रेडिओवर एक बार गाऊन पाह्य. नाई जमलं त पयल्या मोटारीनं वापस येजो. मंग गान्याचं नाव काढू नोको."

तुम्ही भजनी मंडळवाले तेव्हा मान खाली घालून उभे होतात, मला आठवतं. पण तुम्हाला गाणी मीच दिली होती! आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले देव गेले, त्यांच्याबरोबर देवांची भजनंही गेली. चाली उरल्या, शब्द नाहीत. वीस धडधाकट माणसं खंजिऱ्या मांडीवर घेऊन मुकी बसलेली. मी सातवी शिकलेली, सोळा वर्षांची. जुन्या चालींत बुद्धाचे नवे शब्द बसवले. मी एक ओळ म्हणायची, थांबायची, मागून तुम्ही वीस जण तीच ओळ म्हणायचात. गाणं म्हणजे एवढंच मला ठाऊक होतं.

नागपुरात आत्याकडे राहिले. मिलची चाळ, नळाची रांग, कपबशीतला चहा. रेडिओ केंद्रावर आवाज तपासायला बोलावलं. बंद खोली, समोर माईक. पहिली ओळ म्हटली आणि थांबले. चिडीचूप! काचेपलीकडच्या साहेबांनी विचारलं, "बाई, थांबलात का?"

"मांगचे म्हनतीन ना!"

साहेब पोट धरून हसले. तरी एक कार्यक्रम दिला. म्हणाले, "आवाज आहे. पण मागे कोणी नाही, एवढं लक्षात ठेवा."

आमच्या चाळीत लग्नाच्या बँडात ट्रंपेट वाजवणारे एक ख्रिश्चन अंकल होते. त्यांनी मला ग्रामोफोनवर तबकडी ऐकवली. अमेरिकेतली कोणी काळी बाई चर्चमध्ये गात होती. शब्द एक कळेल तर शपथ! पण ती ओळ म्हणायची आणि मागून माणसं उत्तर द्यायची. मी उडालेच. "अंकल, हे तर आमचं मंडळ!" ते म्हणाले, "ठीक आहे, पण तिच्या मागे माणसं आहेत. तुला एकटीला गायचंय." महिनाभर त्यांनी ट्रंपेट वाजवून माझ्याकडून एकसलग गाण्याचा सराव करून घेतला.

कार्यक्रमाच्या दिवशी पहिलं कडवं न थांबता म्हटलं. दुसऱ्यात उजवा हात आपोआप मांडीवर खंजिरीसारखा पडला, आणि मी थांबले. मग प्रत्येक ओळीला थांबले. बाहेर आले ती रडतच. आत्याकडे येऊन लुगडी पिशवीत भरली. नाक कापलं गेलं होतं, आता गाणंही गेलं.

तिसऱ्या दिवशी बाबा दारात. हातात खंजिरी. न्यायलाच आलेत, असं समजून मी पिशवी उचलली. बाबा खाटेवर बसले, आत्यानं दिलेला चहा बशीत ओतून सावकाश प्याले.

"पंचायतीचा रेडिओ ओट्यावर ठेवला होता," ते म्हणाले. "सारं मंडळ बसलं होतं समोर. पयले त तू आमाले आत येऊच देऊन नाई राह्यली. मी म्हनलं, गेली पोरगी हातची. मंग तू थांबली." इथं बाबाच थांबले. "आमी म्हनलं वं. साऱ्यायनं म्हनलं. वरच्या आळीतले जमीनवाले कास्तकार बी म्हनून राह्यले होते."

मग खंजिरी माझ्या ओटीत टाकून म्हणाले, "अशीच जागा सोडत जाजो."

साहेबांनीही पुन्हा बोलावलं. आंजीहून पंधरा सह्या-अंगठ्यांचं पत्र आलं होतं म्हणे. आता अंकलच्या ट्रंपेटसोबतही गाते, शहरातल्या स्टेजवर, पायात चपला घालून! माय, तुला ते पाहून हसू येईल.

गावी येणं वरचेवर होत नाही. माझ्यासारखे गाव सोडून आलेले भेटतात, तेही हेच म्हणतात. पण माईकसमोर एक ओळ म्हटली की मी थांबते. आंजीच्या ओट्यावरचा आवाज मला इथं ऐकू येत नाही. तरी तुमचं म्हणून झालं की मला कळतं, आणि मगच मी पुढची ओळ उचलते.