मानाचा बैल अन् उर्दूतलं दुसरं पान

आता कोणत्या तोंडानं सांगू, पण तुम्ही आपलेच, म्हणून सांगतो. चहा येईस्तोवर ऐका. माणसं दुसऱ्याच्या हातानं बुडतात, मी स्वतः अर्ज करून बुडालो.

आमचं गाव वाटूरच्या अलीकडं. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिला बैल जायचा तो आमचा, बापाच्याही आधीपासून. का, तर भावकीत आमचं घर थोरल्या भावाचं. चुलतभाऊ विठ्ठलचं धाकट्याचं, म्हणून त्याचा बैल आमच्या मागं. यंदा हॉटेलात दहा माणसांसमोर तो म्हणला, "दादा, थोरले म्हणता, पण कागद हाय का?"

झालं. माझं टाळकं सरकलं.

जालन्याला ग्रंथालयवाल्यांचा एक संघ आहे. घराण्याची माहिती शोधणाऱ्याला मदत करतात. कोणता कागद कोणत्या दफ्तरात सापडंल, अर्ज कसा लिहायचा, सगळं सांगतात. निजामाच्या काळातले कागद उर्दूत, आपल्याला त्यातलं अलिफसुद्धा कळत न्हाई. ते वाचून देणाऱ्या मॅडमही तिथंच. मी गेल्तो तर त्यांनी आधी विचारलं, "काका, आजोबांचं नाव?"

"राणूजी."

"त्यांच्या वडलांचं?"

आता आली का पंचाईत? आज्याच्या वरचं आमच्यात कुणाला ठावूक? मी म्हणलो, "ते तुम्हीच शोधा."

बिचारीनं चार ठिकाणी पत्रं लिहून जुन्या वारसाच्या कागदाची नक्कल मागवली. पहिलं पान आलं. मॅडमनी वाचलं, "थोरला राणूजी, धाकटा बळीराम." मी खुर्चीतून उठलोच.

"काका, बसा. दुसरं पान यायचंय. एका पानावर भरवसा ठेवू नका."

"मॅडम, राणूजी माझा आजा. बिलकुल बराबर. दुसरं आलं तर गावात येऊन माईकवर वाचा."

शहाणा माणूस गप बसला असता. मी मंडप घातला. अख्खी भावकी बोलावली, जिलेबी सांगितली, विठ्ठलला पुढच्या खुर्चीत बसवलं. त्याचं पडलेलं तोंड मला नीट बघायचं होतं ना.

मॅडम आल्या. पहिलं पान वाचलं, आमच्या घरच्यांनी टाळ्या पिटल्या. मंग त्यांनी दुसरं काढलं. "राणूजीचा मुलगा गोविंदा. बळीरामचा मुलगा राणूजी."

विठ्ठल हळूच उठला. "मॅडम, गोविंदा तर माझा आजा."

"असं कसं? राणूजी आमचा हाय," मी म्हणलो.

मागून आमची म्हातारी आत्या बोलली, "अरे, तुझा आजा दुसरा राणूजी. थोरला राणूजी तरणाताठा वारला, म्हणून बळीरामनं भावाचं नाव आपल्या लेकराला ठेवलं. घरातलं माणूस गेलं की त्याचं नाव लेकराला देतेत, एवढं ठावूक न्हाई? गोविंदा तवा पाळण्यात होता, म्हणून पोळ्याला बैल बळीरामनं धरला. तवापासून तो मान तुमच्याकडंच राह्यला."

"आत्या, मंग आजवर बोलली का न्हाईस?"

"तू इचारलं कुठं? तू तर जालन्याला गेल्तास."

मॅडमनी फळ्यावर वंशावळ काढून दाखवली. कुठंच फट न्हाई. थोरलं घर विठ्ठलचं. इतक्या वर्षांचा मान कुणी काढून घेतला नव्हता, तो मी माईक लावून, जिलेबी वाढून देऊन टाकला.

खरं सांगू? आधी लाज वाटली, मंग माझं मलाच हसू आवरेना. दोन्ही घरं एका फळ्यावर बघून सगळी भावकी खूश होती. लेकरं आपापलं नाव खाली लिहून घ्यायला मॅडमच्या मागं लागली होती.

पोळ्याला विठ्ठलचा बैल पुढं गेला, माझा मागं. विठ्ठलनं वेशीतच मला शाल घातली अन् कानात म्हणला, "दादा, लई उपकार झाले. आता आपल्या दोघांच्या शेतातल्या त्या बांधाचं पण संघाकडं बघा ना. कागद निघंल."

मी शाल सावरली. म्हणलो, "विठ्ठल, बांध तुझाच हाय. कागद काढू नको."