जकातीचा खेळ

आम्ही सिंगापूरला असताना मुलीच्या शाळेतून एकदा निरोप आला. इतिहासाच्या तासाला जुन्या व्यापाराचा धडा चालू आहे, तुम्ही बँकेत आयात-निर्यातीचंच काम बघता, तर मुलांशी बोलाल का? मी खुशीत रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि बुकित तिमाहला तिच्या शाळेत पोचलो.

भाषणापेक्षा खेळ बरा, असं ठरवलं होतं. फळ्यासमोर टेबल मांडलं, तो जकातनाका. काही मुलं हिंदुस्थानचे व्यापारी, काही इंग्लंडचे. कापड म्हणून हातात रुमाल, जकात म्हणून पेन्सिली. आपलं कापड इंग्लंडात शिरताना भरमसाट जकात, त्यांचं गिरणीचं कापड आपल्याकडे येताना जवळजवळ मोकळं. आपले माग कसे बंद पडले, ते खेळता खेळता कळावं.

"जकात घ्यायला कोण बसेल? इंग्लंडचं कोण आहे इथे?"

माझ्या मुलीच्या जिवलग मैत्रिणीनं आनंदानं हात वर केला. आमच्या घरी कायम येणारी, लाजरी पोर.

खेळ रंगला. मी तिच्या मागे उभा राहून सांगत होतो, "आणखी घे. लाजतेस काय? तुझ्या लोकांनी असंच लुटलं आम्हाला." मुलं "चीटर, चीटर" ओरडायला लागली. धडा छान पोचतोय असं वाटून मी हसत होतो.

ती सांगेन तसं घेत राहिली. मग उठली आणि बाकाबाकावर पेन्सिली परत ठेवू लागली. कुठली कुणाची, तिला कळेना. हातात उरलेल्या पेन्सिली धरून ती तिथेच रडायला लागली. बाई तिला जवळ घेऊन बाहेर गेल्या. वर्गात मी एकटाच मोठा माणूस उरलो आणि एकाही मुलाकडे मला बघवेना.

घरी जाताना मुलगी तिथल्या सिंगापुरी ढंगात एवढंच म्हणाली, "बाबा, शी डिडन्ट डू एनिथिंग, ला."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मी त्या मैत्रिणीच्या आईची माफी मागितली. "तुमच्या मनात वाईट नव्हतं, ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पण रात्री तिनं विचारलं, अंकल माझ्यावर का चिडले?"

मी खाली बसून त्या मुलीला म्हटलं, "चूक माझी होती, बेटा."

"इट्स ओके, अंकल," ती म्हणाली. आईचा हात मात्र तिनं सोडला नाही.

मैत्री टिकली. पण आमच्याकडे यायच्या आधी ती मुलीला फोन करून विचारायची, तुझे बाबा घरी आहेत का? ते कळल्यापासून शनिवारी ती यायची असली की मी पुस्तक घेऊन खाली आमच्या कॉन्डोतल्या पोहण्याच्या तलावाकाठी जाऊन बसायचो. संध्याकाळी बायकोचा फोन यायचा, "या आता वर. गेली ती."