हसल्याची एक ओळ

सोंगेया गावात कुणाला कादंबरी वाचायची हुक्की आली, की तो बाजारामागच्या चर्चच्या आवारात जायचा. तिथं पूर्वी शिवणवर्ग भरायचा. त्या खोलीत आता दोन कपाटं होती आणि कपाटांपुढे अस्तेरिया मापुंडा बसलेल्या असायच्या. तीस वर्षं त्यांनी शाळेच्या कचेरीत टंकलेखन केलं, आणि निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून हे वाचनालय काढलं. पुस्तकं तीनशेच्या आसपास, बहुतेक स्वाहिलीतली, त्यांत निम्मी ऐतिहासिक. बाकीची पुस्तकं, लोक मागतात म्हणून, त्या ठेवत. ऐतिहासिक कादंबऱ्या मात्र त्या लोकांच्या गळ्यात मारत.

नवा वाचक आला की त्या आधी एकच विचारायच्या. "घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कोणतं पाहिलंयस?" कुणी आजी म्हणायचं, कुणी पणजोबा. मग त्या म्हाताऱ्या माणसाच्या तरुणपणच्या काळातली कादंबरी कपाटातून काढून त्या पुढ्यात ठेवत. "तुझी आजी चूल फुंकत होती तेव्हा बाहेर काय चाललं होतं, ते यात आहे. नाही आवडली तर परत आण. मी काही विचारणार नाही." पण त्या विचारायच्याच. कुठल्या पानावर सोडलीस, का सोडलीस, सगळं.

एके दिवशी स्कानियाबाबा आले. वय त्र्याहत्तर. जन्मभर मालट्रक हाकलेला माणूस, त्यामुळे गावात त्यांना त्या ट्रकच्याच नावानं ओळखत. मोतीबिंदू काढल्यावर नवा चष्मा मिळाला होता, पण गाडी चालवायला डॉक्टरांनी बंदी केली होती.

"डोळे मिळाले आणि काम गेलं," ते म्हणाले. "बायको म्हणते, घरात पायात पायात येऊ नका. द्या काहीतरी."

बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. बाबा म्हणाले, "आजोबा. मी पंचवीस-सव्वीसचा असताना गेले."

बाईंनी हिशेब केला आणि 'उपाशी वर्ष' काढून दिली. जर्मनांच्या राजवटीत लोक उठले, तो उठाव चिरडला गेला, आणि मग जर्मनांनी धान्याची कोठारं जाळून सगळा मुलूख उपासमारीनं नमवला, त्या वर्षांची ती कादंबरी. बाईंनी ती चार वेळा वाचली होती, आणि कुणालाही बेलाशक सुचवावी असं त्यांचं मत होतं. वहीत त्यांनी लिहिलं, 'स्कानियाबाबा, उपाशी वर्ष.'

चौथ्या दिवशी बाबा परत आले. बसले नाहीत. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाले, "मुद्दाम दिलंत ना?"

"काय मुद्दाम?"

"माझं नाव काय?"

बाईंनी वही उघडून पाहिली; तिथं 'स्कानियाबाबा' एवढंच होतं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

"गेर्वास न्दीती," बाबा म्हणाले. "आता एकशे बेचाळिसावं पान काढा." आणि ते निघून गेले.

बाईंना पान काढायची गरज नव्हती. गावातलाच एक पोरगा जर्मनांच्या पलटणीत शिपाई होतो, लपवलेलं कोठार साहेबाला दाखवतो, आणि ते पेटतं तेव्हा हसतो. त्या पोराचं नाव होतं न्दीती. चार वाचनांत ते नाव त्यांच्या डोळ्यांखालून चार वेळा गेलं होतं.

बाईंना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त शरम वाटली. कुणाला काय वाचायला द्यावं हे आपल्याला कळतं, याचा त्यांना अभिमान होता. दुसऱ्या दिवशी त्या सरळ बाबांच्या घरी गेल्या. बाबा अंगणात मका सोलत होते.

"चुकलं माझं," बाई उभ्यानंच म्हणाल्या. "माणसाचं नाव न विचारता पुस्तक दिलं."

"बसा," बाबा म्हणाले. मक्याची दोन कणसं त्यांनी बाईंच्या पुढ्यातही टाकली. दोघं सोलत राहिली.

"आजोबा शिपाई होते," बाबा म्हणाले. "सोळा वर्षांचे. कोठारही त्यांनीच दाखवलं. ते लपवायचे नाहीत. मीही लपवत नाही. मी ट्रक शिकलो तेव्हा एकदा मला म्हणाले, पलटणीत रोज जेवण मिळायचं, म्हणून गेलो."

"म्हणजे कादंबरीत खोटं नाही."

"सगळं खरं आहे हो. फक्त ते हसले नाहीत. ज्यानं लिहिलंय तो काय तिथं होता? पेटलेल्या मक्याचा वास आला की आजोबा शेवटपर्यंत उठून घरात जायचे. आमच्या घरी कधी कणीस भाजलेलं नाही. उकडायचं."

बाई म्हणाल्या, "शनिवारी वाचक जमतात. या, आणि एवढंच सांगा."

"त्यापेक्षा इथून समुद्रापर्यंत ट्रक उलटा नेईन."

तीन शनिवार ते आले नाहीत. चौथ्या शनिवारी आले. पाच-सहा माणसं, चहा, उकडलेल्या शेंगा. बाईंनी नाव सांगून ओळख करून दिली, पूर्ण नाव. बाबांनी उभं राहून सगळं सांगितलं, थोडक्यात, पोलिसाला परवाना दाखवावा तसं.

कोपऱ्यात तेक्लाबाई कोंबा बसल्या होत्या. निवृत्त सुईण, तोंडाच्या फटकळ. त्यांच्या आजीची तीन भावंडं त्या उपासमारीत गेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी शेंगांची टरफलं ओंजळीत गोळा केली आणि विचारलं, "हसले नाहीत. बरं. पण कोठार जळलं ना?"

"जळलं."

"मग हसले काय, रडले काय, आमच्या आजीला काय त्याचं?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "तिला काहीच नाही. मला आहे."

तेक्लाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "ते पुस्तक या खेपेला मला द्या. मी अर्ध्यात सोडलं होतं. रडू यायचं." आणि त्या बाबांना म्हणाल्या, "बसा की आता. उभे काय राहिलात, मी काय न्यायाधीश आहे?"

बाबा बसले.

त्या दिवसापासून 'उपाशी वर्ष' सुचवताना अस्तेरियाबाई एक वाक्य जास्त बोलत. "एकशे बेचाळिसाव्या पानावर एक ओळ आहे. ती वाचून झाली की न्दीतीबाबांना भेट, त्यांचं म्हणणं वेगळं आहे." काही जण खरंच भेटायला जात. बाबा प्रत्येकाला तेच सांगत, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. एक तरुण मास्तर त्यांना म्हणाला, लेखकाला पत्र लिहू या. बाबा म्हणाले, "नको. त्याला त्याची गोष्ट सांगू दे."

पुढच्या दोन वर्षांत बाबांनी कपाटातल्या जवळजवळ सगळ्या ऐतिहासिक कादंबऱ्या संपवल्या आणि दुसऱ्यांना सुचवायलाही लागले. त्यांची पसंती मात्र एकसुरी होती. ज्यात लांबचा प्रवास नाही ती कादंबरी त्यांच्या लेखी कादंबरीच नव्हती. मिठाचे तांडे सरोवराकडे जातात अशी एक जाडजूड कादंबरी त्यांनी तेक्लाबाईंच्या मागे लागून त्यांना वाचायला लावली. महिनाभरानं तेक्लाबाईंनी ती परत आणली.

"कशी वाटली?" बाबांनी विचारलं.

"चारशे पानं नुसते चालतायत," तेक्लाबाई म्हणाल्या. "एक बाळंतपण नाही त्यात. बायका नव्हत्या का त्या काळी?"

बाबा विचारात पडले. मग उठून कपाटापाशी गेले आणि दुसरं काही सापडतंय का ते पाहू लागले.