मामा आणि ताऱ्याचे ठोके

अख्ख्या वऱ्हाडात कुणाच्या डोक्यात तारा गरगर फिरत असेल, तर तो माझ्या बायकोच्या मामांच्या! अमरावतीच्या एका कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवायचे. पगार महिनोन्‌महिने यायचा नाही, पण त्याचं दुःख मामांना कधी शिवलं नाही. त्यांचा जीव न्यूट्रॉन ताऱ्यात. तो स्वतःभोवती फिरताना घड्याळासारखे येणारे, उपग्रहानं टिपलेले क्ष-किरणांचे ठोके कागदावर मांडून ते तासन्‌तास मोजत बसायचे. "आपल्या अमरावतीएवढा गोळा, जावईबापू, पण वजन सूर्याहून जास्त! जोडीदार ताऱ्याचा माल ओढून खाते, म्हणून त्याचा उजेड. बायकोच्या जिवावर जगते लेकाचा!" यावर मामी शांतपणे म्हणायच्या, "मंग उपग्रह कायले पाहिजे? आरशात पाहा ना!" खरंच होतं ते. कापसानं मार खाल्लेल्या त्या वर्षांत तेल्हाऱ्याची शेती मामी एकट्या ओढत होत्या आणि घर त्यावरच चालायचं.

दर रविवारी चारला मामा आमच्याकडे चहाला यायचे. म्हणजे चारला कधीच यायचे नाहीत. मामी तेल्हाऱ्याला गेल्या की त्यांना घर खायला उठायचं, म्हणून तीनलाच दारात हजर. मामी घरी असल्या की निघताना एक भांडण, मग दळण, मग राहिलेलं भांडण, आणि मामा पाचला. मी एकदा चिडलोच. "माणसानं वेळ पाळावी, मामा!" तर हे खूश! "एकटा तारा ठोका चुकत नाही. ज्याचे ठोके कदी लवकर, कदी उशिरा येतात, तो कोणाभोवती तरी फिरून राहिला, समजा. जोडीदार दिसो का न दिसो!" आता बोला! याच शास्त्रानं त्यांनी, वेळी-अवेळी येऊ लागलेल्या आमच्या दूधवाल्याचं लग्न जाहीर केलं, आणि महिन्याभरात त्याचे पेढे आले.

मग एका उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि मामी गेल्या. तेरावं झाल्यावरच्या रविवारी चार वाजले आणि मामा दारात उभे. पुढच्या रविवारीही चार. त्याच्या पुढच्याही. चहा घ्यायचे, ताऱ्याबद्दल अक्षर नाही. वेळ पाळा म्हणून मागे लागणारा मी, आता चार वाजायला आले की घड्याळाकडे बघत बसायचो. एकदा तरी उशीर करा हो मामा, असं वाटायचं.

दिवाळीच्या तोंडावर एका रविवारी चार वाजले, मामा नाहीत. साडेचार झाले. बायको फाटकाशी जाऊन उभी राहिली. पावणेपाचला आले, पायजम्याला चिखल.

"काहून उशीर झाला, मामा?" तिनं विचारलं.

"अवं, तिची शेवंती सुकून राहिली होती. पाणी घालता घालता तिच्याशी भांडतच बसलो."

चहा केव्हाच निवला होता. बायकोनं डोळे पुसत तो पुन्हा गॅसवर ठेवला, आणि मामांनी खिशातून ठोक्यांचा कागद काढला.