खाणीवरचं थिएटर

लग्नानंतर मी ओमानला आले ती मस्कतला नव्हे, थेट सोहारच्या मागच्या डोंगरात. नवरा तिथं तांब्याच्या खाणीत सर्व्हेअर होता. चहूकडे काळपट, उघडेबोडके डोंगर, मध्ये कामगारांची वसाहत आणि वसाहतीच्या टोकाला पत्र्याचं एक लांबट गोदाम. त्याला सगळे ‘थिएटर’ म्हणायचे. खाण सुरू झाली तेव्हा आलेल्या कोकणातल्या फिटर-वेल्डरांनी यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून आत रंगमंच उभारला होता, मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारातून कापड आणून पडदा शिवला होता आणि दर हिवाळ्यात एक संगीत नाटक करायचा रिवाज पाडला होता. ते परत गेले, त्यांच्या जागी दुसरे आले. नाटक मात्र चुकलं नाही.

नायिका करायचे आबा. मालवणकडचे वेल्डर, पन्नाशीला टेकलेले, गावी दशावतारात राण्या करून आलेले. दिवसभर तोंडासमोर काच धरून लोखंड जोडणारे ते हात पदराचं टोक असं काही चिमटीत धरायचे, की मी बाई असून बघत राहायचे. ऑर्गनवर चाचा, रायगडकडचे, क्रेन चालवायचे, नमाज आटोपला की तालमीला हजर. आबांचं पद सुरू व्हायच्या आधी कुणीतरी उठून एसी बंद करायचं, घरघरीत सूर बुडू नये म्हणून. थंडीचे दिवस असले तरी पत्र्याखाली गर्दीनं घाम फुटायचा. लोक तसेच ऐकत बसायचे.

मग पुण्या-मुंबईची काही नवी इंजिनिअर मंडळी आली. मी गाणं शिकले आहे हे त्यांना कळलं. “खरी बाई असताना पुरुषाला लुगडं कशाला नेसवायचं?” असं बोलणं सुरू झालं. मी नाही म्हणून सांगितलं. तर एका संध्याकाळी आबाच दारात उभे. हातातल्या पिशवीत नऊवारी, गंगावन, खोटे दागिने.

“वयनी, ह्यां घेवा. आता तुमी करा.”

“आबा, लोक तुमच्यासाठी येतात.”

“येयत होते. आता हसतत. गेल्या टायमाक फुडच्या रांगेत हसले. माका दिसलां.”

त्यांना घरात या म्हटलं, तर उंबऱ्यातच बसले आणि तिथूनच मला शिकवायला लागले. कसं चालायचं, कसं वळायचं, मान किती झुकवायची. मी हसून म्हटलं, “आबा, मी बाईच आहे की!” ते म्हणाले, “असान भागत नाय, वयनी. बाई दाखवची लागता.”

पुढची कितीतरी वर्षं मी नायिका केली. आबा विंगेत उभे राहून पडदा ओढायचे. प्रेक्षकांत बसा म्हटलं तर कधी बसले नाहीत.

खाणीतलं तांबं संपत आलं तशी माणसं जायला लागली. आज या बॅरकमधली, उद्या त्या. शेवटचा हिवाळा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. नाटक बसवायला पुरेशी माणसंही नव्हती, तरी ठरवलं, आणि मी म्हटलं की या वेळी नायिका आबाच करतील. ते ऐकेनात. शेवटी चाचा म्हणाले, “आबा, जायच्या आधी एकदा तुमच्या पट्टीत वाजवू द्या मला.” तेव्हा आबा कबूल झाले.

पण चाचांचं तिकीट ठरल्यापेक्षा आधी आलं. प्रयोग शुक्रवारी होता आणि ते बुधवारीच गेले. ऑर्गन सोडून गेले. मला तो वाजवता येत नव्हता. सूर धरून ठेवण्यापुरतं जमायचं. मीच ऑर्गनवर बसले, रंगमंचाच्या मागच्या कोपऱ्यात.

समोर अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. उरलेली आमची माणसं, दोन-तीन ओमानी पहारेकरी, सफाईचं काम करणारे बंगाली. मराठी कळणारे थोडेच. आबा आले. कुणी हसलं नाही. पहिलं पद निभावलं. दुसऱ्याला वरच्या जागेवर आवाज फाटला. मी सूर खाली घ्यायला गेले तर त्यांनी हातानं नको म्हटलं आणि पुन्हा तीच जागा घेतली. पुन्हा फाटला. मग ते प्रेक्षकांकडे पाठ करून माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, “वयनी, तुमी म्हणा.”

मी बसल्या जागेवरून गायले. ते ओठ मिटून उभे राहिले आणि सगळं पद नुसत्या नजरेनं, हातांनी केलं. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

प्रयोग संपल्यावर मी रंगपटात गेले. आबा लुगडं न सोडता आरशासमोर बसले होते. मी म्हटलं, “आबा, चांगलं झालं.”

“खोटां बोलू नकात,” ते म्हणाले. मग, जणू स्वतःशीच, “आवाज कधी गेलो ता माकाच कळाक नाय. इतकी वर्सां नुसतो पडदो ओढलंय, गाऊकच नाय.”

मी त्यांचं गंगावन सोडवून दिलं आणि बाहेर आले.

महिन्याभरात आबा गावी गेले. नवऱ्याला रुसैलच्या एका कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही मस्कतला आलो. वर्ष उलटायच्या आत चाचांचा रायगडहून फोन आला. आबा गेले. खोकला होता, तो छातीत उतरला. शेवटी बोलणंही बंद झालं होतं म्हणे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मस्कतला आल्यावर झालेल्या आमच्या मुलीला घेऊन वर खाणीकडे गेलो. फाटकाला कुलूप होतं. पहारेकरी भला माणूस, पण आत सोडायची त्याला परवानगी नव्हती. तारेपलीकडे गोदामाचा नुसता लोखंडी सांगाडा दिसत होता; पत्रे कुणीतरी उतरवून नेले होते. मध्ये बकऱ्या बसल्या होत्या.

“आई, ते... काय होतं तिकडे?” मुलीनं अडखळत्या मराठीत विचारलं.

“थिएटर,” मी म्हटलं.

तिनं डोंगरांकडे पाहिलं, सांगाड्याकडे पाहिलं, आणि मी चेष्टा करते आहे की काय म्हणून माझ्याकडे. नवऱ्यानं गाडी सुरू केली. उतारावर समोरून शेजारच्या दगडखाणीचे ट्रक येत होते. धुळीमुळे त्यानं दिवे लावले आणि काचा वर घेतल्या.