मनोऱ्याचा राखणदार

दिंडोरीजवळ एका द्राक्षबागेत उंच मनोरा आहे. वेली हवेतला किती कार्बन घेतात आणि किती पाणी हवेत सोडतात, हे त्यावरची यंत्रे मोजतात. मनोऱ्याचा राखणदार बागमालकांच्या नोकरीत आहे आणि त्यांनीच दिलेल्या खोलीत कुटुंबासह राहतो. बातमीसाठी मी तिथे अनेकदा गेलो. प्रत्येक वेळी तो आधी वारा कुठून येतो ते बघतो आणि मगच पाहुण्याला उभे राहायची जागा दाखवतो. "इकडं या साहेब. तिथं तुमचा श्वास बी मोजतं ते." डबा खायलाही तो मनोऱ्याकडून वारा येतो त्या बाजूला बसतो.

छाटणीनंतर एका दुपारचे कार्बनचे आकडे भलतेच चढले. यंत्र बिघडले असे समजून, मनोरा उभारणाऱ्या संशोधक बाई ते उतरवून न्यायला आल्या. बागेत काही जाळले का, असे त्यांनी आधी विचारले. मालकांशी झालेल्या करारात जाळायला मनाई होती.

"छे," मालक म्हणाले.

राखणदाराने खिशातून नोंदवही काढली आणि वाचली. "अडीच वाजता छाटलेल्या काड्या पेटवल्या. अण्णांनी."

"तुला कामाला कोणी ठेवलंय रे?" मालकांनी विचारले.

"तुमीच, अण्णा," तो म्हणाला, आणि बाईंचे लिहून होईपर्यंत वही उघडी धरून उभा राहिला.